डावं-उजवं

रात्री अकरानंतर डायनो-रूममध्ये मी एकटीच असते.
काचेपलीकडे स्टँडवर जखडलेलं इंजिन किंचाळतं,
कानांवर मफ, कानामागे पेन्सिल.
आठवड्याला चार इंजिनं. चार गाड्या, मालक एक.
सहाशे बहात्तर, सहाशे एकाहत्तर, पुन्हा बहात्तर,
आणि एखाद्या आठवड्यात, का कुणास ठाऊक,
चौऱ्याहत्तर.

कॉय लेडबेटर दर जानेवारीत सगळ्यांना वर्कशॉपात उभं करून सांगतात,
इथे डावं-उजवं नाही. पंक्तिप्रपंच नाही.
चारही पोरं माझीच.
म्हणून चिठ्ठ्या.
त्यांच्याच जुन्या टोपीत, घामाचा पांढरा पट्टा असलेल्या,
चार इंजिनांच्या चार चिठ्ठ्या,
दर सोमवारी चार क्रू चीफ एकेक उचलतात.
घड्या मी घालते.
बारा वर्षं मोजतेय. काटा खोटं बोलत नाही.

मंगळवारी जॅकवाला डार्नेल,
एका दणक्यात अख्खी गाडी उचलणारा,
चौथीकडून पहिलीकडे जातो. तात्पुरता.
सिम्युलेटर पहिलीला सकाळी नऊला,
चौथीला रात्री साडेनऊला.
तोच पडदा, तेवढेच तास.
झोप कुणी मोजत नाही.
पहिलीच्या टपावर देशभर दुकानं असलेली रंगाची कंपनी,
चौथीच्या टपावर एलिसच्या मामाचं
विल्क्स काउंटीतलं कोंबडीखाद्य.

एलिस रूडिसिल. तेवीस वर्षांचा.
गुरुवारी उकडलेल्या शेंगांची ओली पिशवी घेऊन येतो,
प्रत्येक टेबलावर एक मूठ,
पहिलीवाल्यांच्या टेबलावरही,
माझ्याही.
एकदा दारातच थांबला.
व्हर्ना, खरं सांग,
माझं इंजिन त्यांच्यासारखंच असतं ना?
मी तक्ता पुढे केला. वर्षभराचा.
त्यानं बोट फिरवत फिरवत वाचला,
शेंग फोडली, खारं पाणी मनगटावरून ओघळलं.
मग मीच कमी पडत असणार, म्हणाला.

आमच्या गाड्यांचं एक सांगते.
उजवी चाकं डावीपेक्षा बोटभर मोठी ठेवतात,
म्हणजे हात सोडला तरी गाडी आपसूक डावीकडे ओढते.
वळवावी लागत नाही.
टीव्हीवर दिसत नाही.
टेप लावली तर कळतं.

मला कुणी काही सांगितलं नव्हतं.
फोन नाही, चिठ्ठी नाही, खांद्यावर हात नाही.
मार्चमधल्या एका रात्री चौऱ्याहत्तर आलं,
आणि सोमवारी ती घडी सगळ्यांत वर होती.
टोपी नेहमी पहिल्या गाडीपासूनच फिरते,
हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत आहे.
मी टोपी हलवली नाही,
एवढंच.

वर्षअखेरीचा बोनस पहिल्या गाडीच्या जिंकण्यावर असतो.
झाडूवाल्या मिसेस हफस्टेटलरपर्यंत सगळ्यांना,
अगदी समान.

अलाबामात परवा शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या होत्या.
रेडिओवर आवाज आला, सत्तावीसला ढकल, एलिस.
त्यानं विचारलं नाही, का.
नाक सत्तावीसच्या बंपरला टेकवून
तो ढकलत राहिला,
पाण्याचं तापमान दोनशे ऐंशीवर जाईतो.
सत्तावीस दुसरा आला.
एलिस एकोणिसावा, वाफेत.

आज सकाळी चौथी गाडी नाक चेपलेली, दारात उभी होती.
कॉय तिच्या बॉनेटवर थाप मारून म्हणाले,
याला म्हणतात घर.
चारही चीफ हसले. चौथाही.
माझ्या टेबलावर गुरुवारची एक शेंग होती, वाळून टरफलाला चिकटलेली.

या आठवड्यात चारही इंजिनं सहाशे बहात्तर.
टोपी माझ्या हातात दिली.
मी खूप वेळ हलवत राहिले.